वास मोज्यांचा, चव लोण्याची

राळेगावच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीचं दुकान कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. भाजीच्या ओळी संपल्या, मिरचीची पोती मागे पडली की पुढची वाट नाकच दाखवतं. ज्यांच्या घरी पावसाळ्यात झिंग्याची चटणी आणि ज्वारीची भाकर होते, त्यांच्या तोंडाला तिथे पाणी सुटतं. ज्यांच्या घरी होत नाही, ते रुमाल नाकाला लावून भराभर पुढे निघतात. वास एकच, पण एकाला भूक लागते आणि दुसऱ्याला मळमळ होते.

फ्रान्समध्ये अगदी हीच गत काही चीजची आहे. म्युन्स्टर, एपवास, मारवाल, लिव्हारो अशी त्यांची नावं. नारिंगी, ओलसर, चिकट साल आणि दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्यांसारखा वास. आपल्याकडे चीज म्हणजे डब्यातलं, पिवळं, बिनवासाचं आणि सँडविचमध्ये किसून घालायचं. त्यामुळे परदेशी शिकायला गेलेल्या मुलाने किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानातून पाहुण्याने असा एक लाकडी डबा आणला, की तो उघडल्याबरोबर घरातली वडीलधारी मंडळी ‘हे नासलं, फेकून द्या’ म्हणतात. बहुतेक वेळा ते नासलेलं नसतं. पण काही माणसांनी ते खरोखरच खाऊ नये, आणि त्याचं कारण वास नाही. गर्भवती स्त्रियांना आणि क्षयरोगाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे माहीत असायला हवं, कारण हे कारण केवळ फ्रेंच चीजपुरतं थांबत नाही. बाजारातल्या त्या सुक्या मासळीपर्यंत येऊन पोहोचतं.

आधी हा वास येतो कुठून ते पाहू. दुधाला विरजण आणि रेनेट लावून दही घट्ट जमवायचं, साच्यात भरून पाणी निथळू द्यायचं, मीठ लावायचं. इथवर हे चीज इतरांसारखंच. फरक पुढे पडतो. थंड, दमट तळघरात ठेवलेल्या या वड्या दर दोन-तीन दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुतल्या जातात, हाताने किंवा ब्रशने चोळल्या जातात. बर्गंडी प्रांतातल्या एपवासला धुण्याच्या पाण्यात ‘मार’ नावाची द्राक्षाच्या चोथ्याची दारू घालतात. उत्तरेकडच्या काही चीजना बिअरने न्हाऊ घालतात. हा क्रम तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत चालतो.

या धुण्याने चीज स्वच्छ होतं, असा समज होईल, होतं उलटंच. ताज्या चीजची साल आंबट असते. त्या आंबटपणावर पहिल्यांदा यीस्ट वाढतात आणि लॅक्टिक आम्ल खाऊन टाकतात. आंबटपणा उतरला, वर मिठाचा ओलावा मिळाला, की मग ज्या जिवाणूंना आम्ल सोसत नाही पण मीठ चालतं, त्यांचं राज्य सुरू होतं. त्यांत मुख्य ब्रेव्हिबॅक्टेरियम लिनेन्स. सालीचा नारिंगी रंग बराचसा त्याचाच. हा जिवाणू दुधातली प्रथिनं तोडतो आणि मेथिओनिन नावाच्या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून मिथेनथायोल हा वायू तयार करतो. शिजणाऱ्या कोबीचा, सडक्या अंड्याच्या जवळपास जाणारा जो वास असतो, तो या कुळातला. त्यात आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी इतर काही रसायनंही मिसळतात.

आता मोज्यांची गोष्ट. याच कुळातला ब्रेव्हिबॅक्टेरियम एपिडर्मिडिस हा भाऊ माणसाच्या कातडीवर, विशेषतः पायाच्या बोटांच्या बेचक्यांत राहतो आणि तिथे घाम व मृत त्वचा खाऊन तेच वायू सोडतो. म्हणजे चीजला पायाचा वास येतो ही केवळ टिंगल नाही, ते जीवशास्त्र आहे. बार्ट क्नॉल्स या डच कीटकशास्त्रज्ञाने तर १९९६ मध्ये दाखवलं, की आफ्रिकेत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस गॅम्बिए हा डास माणसाच्या पायाकडे जसा ओढला जातो, तसाच लिंबर्गर चीजकडेही ओढला जातो. लिंबर्गर हे याच धुतलेल्या सालीच्या जातीचं. या संशोधनाला २००६ मध्ये इग नोबेल हे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक मिळालं. हसण्यासारखं होतंच, पण डासांचे सापळे लावताना कोणता वास वापरायचा, याचा धागा त्यातून हाती आला.

म्युन्स्टर हे नाव ‘मठ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं. आल्सास प्रांतात, व्होज डोंगराच्या खोऱ्यात, मठाभोवती हे चीज वाढलं. एपवासची कहाणी थोडी वेगळी. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जवळजवळ संपलं होतं. रोबेर आणि सिमोन बेर्तो या शेतकरी दांपत्याने १९५६ मध्ये गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून ते पुन्हा करायला घेतलं, आणि १९९१ मध्ये त्याला फ्रेंच सरकारचं भौगोलिक संरक्षण मिळालं. नागपूरच्या संत्र्याला मिळालेल्या मानांकनासारखंच. सर्वांत वासट कोण, याचाही निकाल लागलेला आहे. इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक नाक आणि १९ माणसांची नाकं लावून १५ चीज हुंगवले. पहिला नंबर आला बिअरने धुतलेल्या व्ह्यू बूलोन्यचा.

नाकाला दोन दारं

एवढा वास असूनही माणसं हे चीज चवीने खातात, आणि खाणारे सांगतात, की तोंडात ते लोण्यासारखं, किंचित गोडसर, भाजलेल्या शेंगदाण्याच्या अंगाने जाणारं लागतं. हे खोटं नाही. वास नाकात दोन वाटांनी शिरतो. एक, बाहेरून, श्वास आत घेताना. दुसरी, आतून, घास चावताना घशाच्या मागच्या बाजूने वर. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९८२ मध्ये मांडलं, की या दोन वाटांनी आलेला तोच वास मेंदू वेगवेगळा वाचतो. बाहेरून आलेला वास म्हणजे जगात काय आहे याची बातमी. आतून आलेला वास म्हणजे तोंडातल्या पदार्थाची चव. सर्दी झाल्यावर वरणाला चव लागत नाही ती यामुळेच; जीभ शाबूत असते, आतलं दार बंद असतं. शिवाय या चीजचा उग्रपणा मुख्यतः सालीत असतो. आतला मऊ गर बराच सौम्य.

दुसरी गोष्ट नावाची. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये लोकांना एकच वास दिला. कधी पाटीवर लिहिलं ‘चेडर चीज’, कधी ‘अंगाचा घाम’. वास तोच, पण पहिल्या पाटीला लोकांनी चांगले गुण दिले आणि दुसऱ्या पाटीला कमी. मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसला. हिंगाचंच पाहा. युरोपात त्याचं जुनं नाव ‘सैतानाची विष्ठा’ अशा अर्थाचं आहे, आणि आपल्याकडे हिंगाच्या फोडणीशिवाय वरण अळणी. तिकडच्या माणसाने हिंगाची डबी उघडून तोंड वाकडं केलं तर आपल्याला हसू येतं. आपण म्युन्स्टर उघडून तोंड वाकडं केलं की तिकडे हसू येत असेल.

फ्रेंच माणूस मात्र जन्मतः चीजप्रेमी असतो, असंही नाही. ल्यों शहरातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ३३२ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या पदार्थांची किळस येते, त्यांत चीजचा क्रमांक सर्वांत वर होता. दहातल्या एकाहून थोड्या अधिक लोकांना चीज अजिबात सोसत नव्हतं, तेही चीजच्या देशात. तेव्हा कुणाला नाही आवडलं तर त्याला अडाणी म्हणण्याचं कारण नाही.

पण यातून एक गैरसमज निघतो, आणि तो धोक्याचा आहे. नाक चुकतं असं कळल्यावर माणसं नाकावर अजिबातच विश्वास ठेवत नाहीत, किंवा उलट, वास नाही म्हणजे पदार्थ सुरक्षित असं धरून चालतात. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियसचं विष तयार झालेलं असू शकतं. त्याला वास नसतो. न उकळलेल्या दुधातला ब्रुसेला वास देत नाही. जनावरांत वावरणाऱ्यांना महिनोन्‌महिने येणारा ताप आणि सांधेदुखी देणारा तोच. आणि धुतलेल्या सालीच्या चीजचा खरा शत्रू, लिस्टेरिया, त्यालाही वास नाही.

लिस्टेरियाचा धडा

लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जिवाणू फ्रिजमध्येही वाढतो. बहुतेक जंतू थंडीत गारठून बसतात, हा हळूहळू का होईना, वाढतच राहतो. आंबट पदार्थात त्याचं फारसं चालत नाही. पण या चीजच्या सालीचा आंबटपणा यीस्टने आधीच खाऊन टाकलेला असतो, वर ओलावा भरपूर, आणि एकाच पाण्याने, एकाच ब्रशने शेकडो वड्या चोळल्या जातात. एका वडीवरचा लिस्टेरिया दुसरीवर जायला याहून सोयीची वाट ती कोणती?

स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात १९८३ ते १९८७ या काळात हेच घडलं. व्हाशरँ माँ-दोर नावाच्या धुतलेल्या सालीच्या चीजमधून लिस्टेरिया पसरला. १२२ जण आजारी पडले, तीसहून अधिक दगावले. कारण सापडायला वर्षं गेली, कारण हा जिवाणू खाल्ल्यावर कधी कधी आठवड्यांनी, दोन महिन्यांनीही आजार देतो. इतक्या दिवसांनी कोणाला आठवतं, काय खाल्लं होतं? त्यानंतर युरोपातल्या चीजच्या तळघरांचे स्वच्छतेचे नियम कडक झाले आणि आज तिथे नियमित तपासणी होते. तरीही धोका शून्य झालेला नाही.

धडधाकट माणसाला लिस्टेरिया झाला तर बहुधा दोन दिवस जुलाब आणि ताप, एवढ्यावर भागतं. गर्भवतीचं तसं नाही. तिला स्वतःला फक्त थोडी कणकण जाणवते, अंग दुखतं, फ्लू वाटून ती घरीच पडून राहते. पण जंतू वारेतून बाळापर्यंत जातो. गर्भपात होतो, बाळ पोटात दगावतं किंवा जन्मल्यावर त्याला मेंदूज्वर होतो. म्हणून गर्भवतीने मऊ, धुतलेल्या सालीचं चीज कच्चं खाऊ नये. दूध पाश्चराइज्ड आहे असं डब्यावर लिहिलं असलं तरी नको, कारण साल नंतर बाधित होते. खूप वयस्कर माणसं, कर्करोगावर केमोथेरपी घेणारे, अवयवरोपण झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइडवर असलेले यांनाही हेच लागू. ओव्हनमध्ये खदखदेपर्यंत भाजलेलं चालतं. आपलं घरचं पनीर मात्र या यादीत येत नाही. दूध उकळून, त्यात लिंबू पिळून केलेलं आणि त्याच दिवशी संपवलेलं पनीर गर्भवतीने खुशाल खावं.

क्षयाच्या गोळ्या आणि चीज

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांवर दोन नवी औषधं वापरली जात होती, आयसोनियाझिड आणि आयप्रोनियाझिड. दुसऱ्या औषधाने रोगी विलक्षण उत्साही झाले. त्यातूनच नैराश्यावरची पहिली औषधं निघाली. ही औषधं शरीरातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर अडवतात. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी औषधं घेणाऱ्या काही रुग्णांना अचानक असह्य डोकेदुखी होऊन रक्तदाब उसळू लागला, काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. कारण कळेना. इंग्लंडमधल्या एका औषधविक्रेत्याने पत्र लिहून कळवलं, की या गोळ्या घेणाऱ्या त्याच्या बायकोचं डोकं चीज खाल्लं की दुखतं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातले तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी हा धागा धरला आणि १९६३ मध्ये त्यावर लिहिलं. सुरुवातीला लोक हसले. पुढे सिद्ध झालं, की पत्र लिहिणारा औषधविक्रेता बरोबर होता.

मुरलेल्या चीजमध्ये जिवाणू टायरोसिन या अमिनो आम्लापासून टायरामिन बनवतात. हे नावच चीजसाठीच्या ग्रीक शब्दावरून पडलेलं. एरवी आपलं आतडं आणि यकृत त्याचा निकाल लावतात. ते काम करणारं विकर औषधाने अडवलं, की टायरामिन थेट रक्तात जातं आणि रक्तदाब चढवतं. याच्या सोबतीला हिस्टामिन असतं. ते चेहरा लाल करतं, धडधड, खाज, डोकेदुखी आणतं.

आज आपल्या सरकारी दवाखान्यात क्षयरोग्याला जी चार औषधांची गोळी मिळते, तिच्यात आयसोनियाझिड आहे. ते टायरामिन आणि हिस्टामिन या दोन्हींचा निकाल लावणारी विकरं थोड्या प्रमाणात अडवतं. मुरलेलं चीज खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, धडधडणं अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत; आणि श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात हेच क्षयरोग्यांत मासे खाल्ल्यावर पाहिलं. दाद न देणाऱ्या क्षयासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये जो सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला, त्यातलं लिनेझोलिड हेही याच विकराला सौम्यपणे अडवतं.

राळेगाव तालुक्यातला क्षयरोगी म्युन्स्टर खाणार नाही, हे खरं. पण सुका बांगडा खाईल. मासळी वाळवण्याआधी उन्हात पडून राहिली, नीट वाळली नाही, पावसाळ्यात दमट झाली, तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. म्हणून गोळ्या चालू असताना सुकी मासळी खाऊन तोंड लाल झालं, कपाळ ठणकलं, छाती धडधडली, तर पहिला संशय मासळीवर घ्यावा. लोक घेतात गोळीवर, आणि गोळी बंद करतात. हीच खरी चूक. गोळी एक दिवसही सोडू नये. मासळी सोडावी आणि दवाखान्यात येऊन सांगावं. धाप लागली, चक्कर आली तर लगेच यावं. हे फार जणांना होत नाही, आणि बोटभर चीजच्या तुकड्याने तर क्वचितच होतं. क्षयरोग्याला प्रथिनं लागतातच. निक्षय पोषण योजनेतून आता महिन्याला १००० रुपये मिळतात. त्यातून अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध, ताजं पनीर, ताजी मासळी यांतलं काहीही घ्यावं. अडचण जुन्या, मुरलेल्या, दमट पदार्थांची आहे.

मग खायचं कसं

ज्यांना वरचं काही लागू नाही, त्यांनी हे चीज जरूर चाखून पाहावं. शाकाहारी माणसाने आधी डबा वाचावा. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये रेनेट वासराच्या जठरातलं असतं. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे का पाहावं. पाहुण्याने बॅगेतून आणलेल्या डब्यावर तो नसणारच, तेव्हा विचारून घ्यावं.

फ्रिजमधून काढल्या काढल्या खाऊ नये. थंडीत चव गोठलेली असते. फ्रेंच लोक तासभर आधी बाहेर काढतात, पण त्यांचा तास आपल्या मे महिन्यात चालायचा नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं पुरे, नाहीतर ताटात कढी होईल. पहिल्यांदा साल काढून फक्त आतला गर घ्यावा, घास तोंडात ठेवून नाकाने श्वास सोडावा. आवडला तर पुढच्या घासाला सालीसकट. आल्सासमध्ये म्युन्स्टरसोबत उकडलेले बटाटे आणि जिऱ्याच्या भावकीतलं कॅरवेचं बी देतात. आपल्याकडे भाजलेलं जिरं आणि ज्वारीची गरम भाकर हा त्याला उत्तम जोड आहे, पावाहून बराच चांगला. मारवालला उत्तर फ्रान्समध्ये पिठाच्या पारीत घालून भाजतात. ज्यांना वास जड जातो, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

एका वेळी तीस ग्रॅम, म्हणजे काडेपेटीएवढा तुकडा, भरपूर झाला. त्यात साधारण शंभर कॅलरी आणि बरंच मीठ असतं. रक्तदाबाच्या रुग्णाने त्या दिवशी लोणचं, पापड बाजूला ठेवावेत. दूध पचत नाही अशांना मात्र हे चीज बहुधा पचतं, कारण दुधातली साखर मुरताना संपलेली असते.

नासलेलं कसं ओळखायचं? मोज्यांचा वास चालतो. डोळ्यांना झोंबणारा नवसागरासारखा, अमोनियाचा वास आला, साल काळपट केसाळ झाली, आतून पिवळं पाणी सुटलं, तर फेकावं. उरलेलं चीज मेणकागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावं आणि आठवड्यात संपवावं. सायीचं भांडं त्या डब्यापासून दूर ठेवावं. साय वास फार लवकर धरते, आणि मग तुपालाही म्युन्स्टरचा वास येतो.